सरपंचाचे पाच दिवे

इच्छा आणि पाय यांच्यामधलं अंतर हे प्राणिमात्राचं सर्वांत जुनं दुःख आहे. त्यावर ऋषींनी तप केलं, वैद्यांनी काढे उकळले, आणि अखेर विज्ञानाने ते अंतर मिटवलं. या गोष्टीपुरतं मिटवलं ते नाशिकला, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दवाखान्यात, डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी. ज्याच्या अंगात ते मिटलं तो नऊ वर्षांचा ससा होता. आणि मिटल्याबरोबर त्याने पहिलं काम केलं ते हे, की ज्या माणसाने दीड वर्ष त्याचं ढुंगण धुतलं होतं त्याच्याकडे पाठ फिरवली.

त्या माणसाचं नाव दिगंबर खैरनार. वीज कंपनीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. सशाचं नाव सरपंच. दिगंबररावांची मुलगी मनवा आठवीत असताना हा ससा घरी आला, दिवाणखान्याच्या मधोमध बसला, काहीही केलं नाही आणि उठवल्यावर रागावला, म्हणून ते नाव. पुढे मनवा रॉटरडॅमला शिकायला गेली आणि तिथलीच झाली. मुलं परदेशी जाताना मागे काहीतरी अवजड ठेवून जातात. समोरच्या पाठकांच्या मुलाने ट्रेडमिल ठेवली होती, खैरनारांच्या वाट्याला सरपंच आला.

दीड वर्षापूर्वी सरपंचाचे मागचे पाय फरशीवर घसरायला लागले. आधी घसरत, मग फरफटत. सशाला लघवी करायची तर मागचा भाग उचलावा लागतो. सरपंचाला तो उचलता येईना, त्यामुळे लघवी अंगावरच व्हायची, आणि पोटाखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. दिगंबररावांनी घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या. रोज कोमट पाण्याने त्याला धुणं, पुसणं, पावडर लावणं, आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पोट हलकेच दाबून लघवी काढणं. ती निघायची ती पाण्यासारखी नाही, फळ्यावरचा खडू कालवावा तशी. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये दिगंबरराव तिच्या रंगाबद्दल आणि दाटपणाबद्दल इतक्या तन्मयतेने बोलत, की ग्रुपने फिरायची वेळ बदलली आणि त्यांना कळवायचं राहून गेलं.

त्यांची बायको शैलजा मात्र या सगळ्यापासून चार हात लांब. "मी नाही बाई हात लावणार. मला किळस येते," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि त्या शब्दाला जागली होती. शिक्षिका म्हणून तीस वर्षं वर्गात उभं राहून तिचे गुडघे गेले होते. हिवाळा लागला की तिच्या मांडीवर शालीखाली शेकायची रबरी पिशवी असायचीच. घरातला फ्रिज आता माणसाशी बोलायचा, लिफ्ट नावाने हाक मारायची, पण गुडघ्यांच्या बाबतीत विज्ञान त्या पिशवीपाशीच थांबलेलं होतं.

"एवढं स्वतःच्या आईचं केलं असतंत," ती एकदा म्हणाली.

"आईला दोन मुलं होती. याला मी एकटाच आहे," दिगंबरराव म्हणाले. या वाक्याचा त्यांना पुढे बरेच दिवस अभिमान वाटत होता.

*

डॉक्टर रुबीना तडवी ही तरुण पशुवैद्य. दिगंबररावांना समजावायचं तर विजेच्या भाषेत समजावावं, हे तिने दुसऱ्या भेटीतच ओळखलं होतं.

"काका, चालण्याचा ताल मेंदूत नसतो. तो कंबरेजवळच्या मज्जारज्जूत असतो. मेंदू फक्त हुकूम सोडतो, 'चल'. कुठला स्नायू कधी आखडायचा ते खालचं ऑफिस बघतं."

"म्हणजे सबस्टेशन."

"तेच. सरपंचाचं सबस्टेशन शाबूत आहे. पण म्हातारपणी पाठीचे मणके वाढलेत, मधल्या तारा दबल्यात. वरून हुकूम सुटतो, खाली पोचेपर्यंत त्याचा जीव जातो."

"शेवटच्या खांबावरचं गाव," दिगंबरराव म्हणाले. आयुष्यभर त्यांनी अशा गावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

तडवीने एक पट्टी दाखवली. बोटभर रुंद, पापडासारखी पातळ. ना ऑपरेशन, ना टाके. पाठीवरचे केस काढायचे आणि चिकटवायची. वरच्या टोकाला मेंदूकडून येणारा क्षीण हुकूम टिपायचा आणि दबलेली जागा ओलांडून खालच्या टोकाला तो मोठा करून सोडायचा. मूत्राशयाचा हुकूमही त्याच तारांमधून जातो, त्यामुळे तेही काम व्हावं अशी आशा. पट्टीच्या कडेला पाच बारीक हिरवे दिवे होते. हुकूम जितका जोरदार तितके दिवे लागायचे. दिवे डॉक्टरांसाठी होते, पट्टी नीट बसली आहे की नाही हे कळावं म्हणून.

"एक लक्षात घ्या," ती म्हणाली, "ही पट्टी त्याला ढकलत नाही. त्याला जायचं असेल तिथेच नेते. म्हणून पहिल्या दिवशी त्याला मनापासून हवं असं काहीतरी समोर ठेवावं लागतं. त्याला सगळ्यांत जास्त काय हवं असतं?"

दिगंबररावांनी क्षणभर विनय बाळगला.

"मी," ते म्हणाले.

ते सतरंजीच्या एका टोकाला मांडी घालून बसले. दुसऱ्या टोकाला सरपंच. "ये रे राजा. ये माझ्या सोन्या. कोण आलंय बघ." सरपंचाने बघितलं. एक दिवा लागला. दिगंबररावांनी हात पसरले. दिवा विझला.

"थंडीने असेल," तडवी म्हणाली. "काकू बाहेर आहेत ना? त्यांना जरा टॉवेल धरायला बोलावते."

"तिला किळस येते त्याची," दिगंबरराव म्हणाले.

शैलजा आली. शाल घट्ट लपेटलेली, पिशवी पोटाशी धरलेली. दारात उभी राहून म्हणाली, "कुठे धरू टॉवेल?"

सरपंचाची मान वळली. दोन दिवे. मग तीन. मग पाचही दिवे असे लागले की जणू गावात बारा वर्षांनी लाइट आली. सरपंच उठला. मागचे पाय थरथरले, सावरले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तो चालला. दिगंबररावांना वळसा घालून, सरळ शैलजाच्या पावलांशी. तिथे त्याने तिच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसलं.

तडवीने पट्टीची टोकं पुन्हा तपासली. पट्टी उत्तम बसली होती.

"चमत्कारच म्हणायचा," शैलजा म्हणाली, आणि तिने खाली बघायचं टाळलं.

*

त्या दिव्यांनी सरपंचाच्या आधीच शहरात काय गोंधळ घातला होता ते थोडक्यात सांगायला हवं. पट्टी निघाली लंगड्या जनावरांसाठी, पण दोन महिन्यांत धडधाकट कुत्रीमांजरं रांगेत दिसू लागली. कोणाला पाच दिवे आणि कोणाला दोन, हे लोकांना समजून घ्यायचं होतं. पंचवटीतल्या दोन जावा पोपटावरून वेगळ्या झाल्या. सिन्नरच्या एका आजोबांनी मृत्युपत्रात लिहिलं, की ज्याला पाहून मोत्याचे पाच दिवे लागतील त्याला घर. तीनही मुलं खिशात मटण घेऊन आली. शेवटी तडवीने दारावर पाटी लावली: 'दिवे बघण्यासाठी नातेवाइकांनी गर्दी करू नये.' पाटी वाचायला गर्दी झाली.

दिगंबररावांना आधी हे सगळं हास्यास्पद वाटायचं. आता वाटेना. रिक्षातून घरी येताना, रिक्षाला ड्रायव्हर नसल्यामुळे, नवरा-बायकोला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

"तुझ्याकडे कसा काय आला तो?"

"मला काय माहीत? जनावर आहे."

"पाच दिवे लागले, शैला."

"अहो, मग मी काय विझवू का?"

त्यांनी फोन काढून मनवाला लावला. रॉटरडॅमला अजून उजाडलंही नव्हतं.

"मनू, सरपंच चालला!"

"हो पप्पा, आईने व्हिडिओ पाठवला मघाशी. कसलं गोड चालतोय! रोजच्यापेक्षा आज केवढा फ्रेश दिसतोय."

"रोजच्यापेक्षा म्हणजे?"

मनवा म्हणाली, "पप्पा, माझी मीटिंग आहे." सकाळी सहा वाजता मीटिंग असणाऱ्या मुलीचं कौतुक करावं की काय करावं, हे त्यांना कळेना. शैलजा खिडकीबाहेर बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबररावांनी झोपेचं सोंग घेतलं. शैलजा उठली. स्वयंपाकघरात पाणी उकळल्याचा आवाज आला. सरपंच आपल्या टोपलीत कान टवकारून बसला होता. पाठीवरचे दिवे एकेक करून लागले. पाच झाल्यावर तो उतरला आणि सतरंज्यांवरून निघाला. दिगंबरराव अनवाणी त्याच्या मागे. आपल्याच घरात आपल्याच सशाचा पाठलाग करायची वेळ येईल असं वीज कंपनीत कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

सरपंच स्वयंपाकघर ओलांडून ड्राय बाल्कनीत गेला. तिथे स्टुलावर शैलजा बसली होती. गुडघ्यांवर पिशवी. पायाशी बशीत शेवग्याचा कोवळा पाला आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा तुकडा.

"आलास का? पायांनी आलास?" ती सशाला म्हणत होती. या आवाजात ती दिगंबररावांशी शेवटची कधी बोलली होती हे त्यांना आठवेना. बहुधा मनवाच्या जन्माआधी. "काल केवढं घाबरवलंस मला. सगळ्यांसमोर यायचं का असं? मालक उठलेत का तुझे?"

"उठलेत," दिगंबरराव म्हणाले.

शैलजा दचकली. सरपंच दचकला नाही. तो पाला खात होता.

"कधीपासून चाललंय हे?"

"अहो, हळू बोला. पाठकांच्या खिडक्या उघड्या आहेत."

"कधीपासून?"

"मनू गेली तेव्हापासून."

"किळस येते म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते."

"मग?"

शैलजाने बशी बाजूला सरकवली. "रिटायर झाल्यावर तुम्ही घरभर फिरून स्विचबोर्ड उघडत होतात. फ्रिजशी भांडत होतात. मग याचे पाय गेले आणि तुम्हाला काम मिळालं. माणूस दिसायला लागलात परत. म्हटलं, घरात यांचं म्हणावं असं एवढंच उरलंय, तेही मी कशाला घेऊ? म्हणून म्हणाले, किळस येते."

दिगंबरराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. दीड वर्षाचं कोमट पाणी, पावडर, टॉवेल, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"म्हणजे तो मला वापरायला दिला होता," ते म्हणाले.

"असं काय बोलताय!"

"आणि मनूला माहीत होतं."

"ती फोटो मागायची. तुम्ही पाठवायचात ते फक्त लघवीचे."

दिगंबररावांनी बशीकडे बोट दाखवलं. "आणि हे काय खायला घालतेस? त्याला वाळलेल्या गवताशिवाय काही नको असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"गवताने काय होतंय? पाय गेलेत त्याचे. हाडांना कॅल्शियम नको? मला डॉक्टरांनी शेवगा आणि नागली सांगितली. म्हटलं, दुखणं एक, तर औषध एक. दोघंही बसतो सकाळी, मी माझे गुडघे शेकते, तो आपलं खातो." मग ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचं तुम्ही विचारलंत शेवटचं कधी? मी पण शेवटच्या खांबावरच आहे."

*

तडवीने सोनोग्राफीचा पडदा वळवून दाखवला. मूत्राशयाच्या तळाशी पांढरा गाळ, धरणात साचावा तसा.

"माणसाचं आतडं लागेल तेवढंच कॅल्शियम घेतं," ती म्हणाली. "सशाचं तसं नसतं. पोटात गेलेलं जवळपास सगळं तो रक्तात घेतो आणि नको असलेलं लघवीतून टाकतो. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असतेच. पण हा नीट बसू शकत नव्हता, मूत्राशय पुरतं रिकामं होत नव्हतं, आणि त्यात इतकं कॅल्शियम... हे आलं कुठून? काका, तुम्ही तर काडी-काडी मोजून घालता."

दिगंबररावांना आयुष्यात इतकी मोक्याची संधी कधी मिळाली नव्हती. त्यांनी शैलजाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"शेवगा," ते म्हणाले. "आणि नागली. यांनी घातलं. प्रेमाने."

शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला, की तडवीलाही खाली बघावं लागलं.

"शुक्रवारपर्यंत भरपूर पाणी पाजू, सलाइन देऊ," ती म्हणाली. "गाळ आपणहून निघाला तर ठीक. नाही तर उघडावं लागेल. या वयात भूल दिली, तर तो परत उठेलच असं मी सांगू शकत नाही. पट्टी लघवीचा हुकूम खाली नेतेय, पण तो घाबरलेला असला की आवळूनच धरतो. निवांत झाला तर सोडेल. काकूंजवळ त्याचे पाच दिवे लागतात. काकूंनीच बसावं त्याच्याजवळ."

"मी नाही बसणार," शैलजा म्हणाली. "माझ्या हाताने झालंय हे. आता परत हात लावणार नाही." या खेपेला ते सोंग नव्हतं.

ती खरंच बसली नाही. बाल्कनीचं दार लावून घेतलं. आंघोळ झाली की पिशवी घेऊन आतल्या खोलीत पडून राहायची. सरपंच बंद दारापाशी जाऊन बसायचा. दिगंबरराव त्याला सिरिंजने पाणी पाजायचे, पोट दाबायचे, पण हाताला दगड लागल्यासारखं लागायचं आणि थेंबाच्या वर काही निघायचं नाही. दिवे एकापुढे जात नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी ते भाजी आणायला गेले आणि येताना शेवग्याचा पाला घेऊन आले. थोडासाच, खिशात मावेल एवढा. बायकोला डॉक्टरांसमोर ज्याच्यासाठी उघडं पाडलं तोच पाला. लिफ्टने नेहमीप्रमाणे "नमस्कार, दिगंबरराव" म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना फक्त एकदा पाच दिवे बघायचे होते. जर तो भुलीतून उठणार नसेल, तर निदान एकदा.

*

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात ऑपरेशनचं टेबल मांडून ठेवलेलं होतं. तडवी म्हणाली, "शेवटचा प्रयत्न करू. दोघंही बसा समोर. काकू, तुम्ही पण. तुमच्यामुळे झालं असेल, पण उतारा पण तुमच्याकडेच आहे."

मनवाने रात्री आईला फोनवर बरंच सुनावलं असावं, कारण शैलजा हुज्जत न घालता खाली बसली. गुडघे दुमडताना तिच्या तोंडून हुंकार निघाला. दिगंबररावांनी नकळत तिला हात दिला, मग कोणाला दिला हे लक्षात आल्यावर काढून घेतला.

"हातात काही नको, खाऊ वगैरे," तडवी म्हणाली. "ती पिशवी पण बाजूला ठेवा काकू."

शैलजाने पिशवी भिंतीकडे सरकवून दिली. दिगंबररावांनी हात खिशाबाहेर काढले. पाला खिशातच राहिला, पण डहाळीचं एक टोक बाहेर डोकावत होतं.

सरपंचाला मधोमध ठेवलं. तशी त्याची ती आवडती जागा.

"ये रे," दिगंबरराव म्हणाले. सरपंचाने नाक हलवलं. दोन दिवे. दोन! ते थोडे पुढे झुकले. दोनच राहिले.

"ये बाळा," शैलजा म्हणाली. सरपंच तिच्याकडे वळला. एक दिवा.

"एक?" ती म्हणाली. "अरे, मी आहे."

एकच.

मग सरपंचाने दोघांनाही ओलांडून भिंतीकडे पाहिलं. तीन, चार, पाच. तो उठला, न थरथरता चालत भिंतीपाशी गेला, पुढचे पाय रबरी पिशवीवर टाकले, हळूहळू सगळं पोट तिच्यावर पसरलं आणि डोळे मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पिशवीवरून पांढऱ्या चुन्याचा ओघळ सुटला, दाट आणि संथ. तो बराच वेळ चालला. त्याच्यामागून गढूळ पाणी आलं, आणि त्याच्यामागून स्वच्छ.

तडवी गुडघ्यांवर बसली. तिने पिशवीला हात लावला, मग सरपंचाच्या पोटाला, मग पुन्हा पिशवीला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"असणारच. निघताना भरली होती," शैलजा म्हणाली.

"त्या दिवशी पण होती तुमच्याकडे? पहिल्या दिवशी?"

"शालीखाली."

"आणि सकाळी बाल्कनीत?"

"असतेच ती."

तडवीने पाठीवरच्या पट्टीकडे पाहिलं. दिवे अजूनही पाच होते. "म्हाताऱ्या पाठीला ऊब मिळाली की स्नायू सैल होतात," ती हळूच म्हणाली. "मूत्राशयाचे पण. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकले होते."

शैलजा दिगंबररावांकडे बघत होती. खरं तर त्यांच्या खिशाकडे, जिथून डहाळी निसटून खाली पडली होती.

"हा पाला कोणाचा पडलाय?" तडवीने सतरंजीवरची डहाळी उचलली.

दिगंबररावांनी तोंड उघडलं.

"माझ्या साडीला अडकून आला असेल," शैलजा म्हणाली. "बाल्कनीत पडलेला असतो." आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून ती उठली. या वेळी त्यांनी हात काढून घेतला नाही. पण तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ऑपरेशनचं टेबल आवरण्यात आलं. सरपंच पिशवीवरून उठायला तयार नव्हता, म्हणून त्याला पिशवीसकट टोपलीत ठेवलं. रिक्षात दोघांच्या मध्ये टोपली होती. शैलजाच्या मांडीवर काही नव्हतं आणि गुडघे ठणकत होते.

"वाटेत थांबवायची का?" दिगंबरराव म्हणाले. "तुझ्यासाठी दुसरी घेऊ."

"घ्या," ती म्हणाली.

शेकायची पिशवी औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळते.